रूळ गेले, वाट उरली



गटांच्या सभांमध्ये सध्या एक विषय सारखा निघतो. मुलीला शाळेत जायला सायकल मिळते, पण आई ती ओसरीवरच लावून ठेवते. कारण शाळेची वाट मोठ्या रस्त्याने जाते आणि त्या रस्त्यावर डंपर असतात, उसाच्या ट्रॉल्या असतात, भरधाव मोटारसायकली असतात. या बोलण्यातूनच आमच्याकडे एक प्रश्न आला. ज्याच्यावर गाड्याच नाहीत असा रस्ता जगात कुठे असतो का? आणि असला, तर तो कोणी केला, कशासाठी केला?

असे रस्ते आहेत. त्यांतले बरेच स्पेन नावाच्या देशात आहेत. हजारो लोक तिथे सुट्टीत सायकलवर सामान बांधून गावोगाव फिरतात. त्यात म्हाताऱ्या बायका असतात, लहान मुलं असतात, आयुष्यात पहिल्यांदा इतकं लांब जाणारेही असतात. या वाटा कशा तयार झाल्या आणि त्यांच्या काठच्या गावांना त्यातून काय मिळालं, हे आज सांगतो.

मुलूख कसा आहे

स्पेन हा युरोपच्या नैर्ऋत्य टोकाचा देश. त्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला भूमध्य समुद्र आहे. या समुद्राभोवतीच्या मुलखात हवामान आपल्या उलटं असतं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा अगदी कोरडा जातो. दक्षिणेला अंदालुसिया नावाचा मोठा प्रदेश आहे. तिथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मैत्रिणींना ते ऊन काय असतं हे सांगायला नको.

अशा कोरड्या हवेत ऑलिव्हचं झाड चांगलं येतं. बोराएवढं फळ, त्यातून तेल निघतं. आपल्याकडे शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल जसं घरोघरी, तसं तिथे ऑलिव्हचं. अंदालुसियातल्या एकट्या हाएन जिल्ह्यात सहा कोटींहून जास्त ऑलिव्हची झाडं आहेत. टेकड्यांवर नजर जाईल तिथवर ओळीत लावलेली झाडंच दिसतात.

पण एकाच पिकावर जगणाऱ्या मुलखाचं दुखणं आपल्याला ठाऊक आहे. ऑलिव्हची तोडणी हिवाळ्यात. ते दोन-तीन महिने हाताला काम, मग पुढे ओढाताण. त्यामुळे १९५० ते १९७० च्या दरम्यान अंदालुसियातून लाखो माणसं गाव सोडून गेली. कोणी बार्सिलोनाच्या कारखान्यांत, कोणी जर्मनीला, कोणी फ्रान्सला. द्राक्षतोडणीच्या हंगामात फ्रान्सला जाऊन परत यायचं, हेही चालायचं. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी गावं दिवाळीनंतर कशी ओस पडतात, ते डोळ्यांसमोर आणा.

रेल्वे बंद पडली, जमीन राहिली

या मुलखात एके काळी छोट्या छोट्या रेल्वे पुष्कळ होत्या. कोणी तेल वाहायची, कोणी खाणीतलं लोखंड किंवा शिसं, कोणी बाटल्यांच्या बुचांचा माल. पुढे ट्रक आले, रस्ते झाले आणि या रेल्वे तोट्यात गेल्या. एकेक करून बंद पडल्या. १ जानेवारी १९८५ या एकाच दिवशी स्पेन सरकारने सुमारे नऊशे किलोमीटर रेल्वेमार्ग बंद केले. रूळ उचलून नेले. स्टेशनांची छपरं खाली आली. बोगद्यांत वटवाघळं राहायला आली.

१९९३ साली सरकारने अशा वापरात नसलेल्या रेल्वेमार्गांची मोजणी केली. तेव्हा ७,६०० किलोमीटरहून जास्त लांबीचे मार्ग पडून असल्याचं दिसलं. जमीन सरकारी होती, लांबच लांब सलग पट्टी होती आणि तिचा उपयोग काहीच नव्हता. ती तुकडे पाडून विकता आली असती. तसं न करता, रूळ गेलेल्या जागेवर चालायची आणि सायकलची वाट करायची असं ठरलं. या वाटांना तिथे 'व्हिया व्हेर्दे' म्हणतात. म्हणजे हिरवी वाट. आज स्पेनमध्ये अशा हिरव्या वाटा तीन हजार किलोमीटरहून जास्त आहेत.

वाट करणं म्हणजे काय काय करणं? आधी उरलीसुरली खडी आणि झुडपं काढली. मुरूम किंवा बारीक खडी टाकून जमीन दाबून घेतली, काही ठिकाणी डांबर टाकलं. पुलांना कठडे लावले. बोगद्यांत दिवे लावले. जिथे मोठा रस्ता आडवा येतो तिथे खांब रोवले, म्हणजे सायकल जाते पण मोटार आत शिरत नाही. पुढचं गाव किती किलोमीटर, पाणी कुठे, याच्या पाट्या लावल्या. काठच्या शेतकऱ्याला शेतात जायला लागतं, त्यामुळे काही तुकड्यांवर त्याचा ट्रॅक्टर येऊ शकतो. बाकी मोटारगाड्यांना बंदी.

रुळांची वाट पायाला सोपी का

इथे एक गंमत समजून घेऊ. सायकलवर घाट चढायचा म्हटलं की छातीचा भाता होतो. मग डोंगराळ मुलखात म्हातारी माणसं आणि मुलं सायकल चालवतात कशी?

त्याचं उत्तर आगगाडीत आहे. आगगाडीचं चाक लोखंडी आणि रूळही लोखंडी. लोखंडावर लोखंड घसरतं. त्यामुळे जड गाडीला खडा चढ चढताच येत नाही. म्हणून रेल्वे बांधणारे इंजिनीअर शंभर मीटर पुढे जाताना दोन, फार तर तीन मीटर चढतील अशीच वाट काढायचे. मध्ये टेकडी आली तर बोगदा, ओढा आला तर पूल, खोलगट जागा आली तर मातीचा भराव. डोंगर तसाच राहिला, पण रेल्वेची वाट त्यातून जवळजवळ सपाट गेली.

ही मेहनत गाडीसाठी केलेली होती. आज तिचा फायदा सायकलवाल्याला होतो. जी चढण गाडीला झेपली ती सत्तरीच्या आजीलाही झेपते. त्याच वाटेवर बाळाची ढकलगाडी जाते, चाकाची खुर्चीही जाते. रस्ता मोकळा असला पण खडा असला, तर तो फक्त दणकट तरुणांच्या कामाचा. सपाट असला पण ट्रकांनी भरलेला असला, तर तो फक्त धाडसी माणसांच्या कामाचा. दोन्ही गोष्टी जुळल्या, की घरातलं सगळ्यात दुबळं माणूसही त्यावरून जाऊ शकतं.

जिथे गाडी कधी धावलीच नाही

आता एक वाट नीट पाहू. अंदालुसियात ओल्वेरा नावाचं गाव आहे. टेकडीवर पांढऱ्या चुन्याने रंगवलेली घरं, वर जुना किल्ला आणि चर्च. तिथून पुएर्तो सेर्रानो या गावापर्यंत ३६ किलोमीटरची हिरवी वाट आहे. मध्ये कोरिपे नावाचं गाव लागतं. या वाटेला 'डोंगराची हिरवी वाट' म्हणतात.

या रेल्वेचं काम १९२० च्या दशकात सुरू झालं. डोंगर फोडून ३० बोगदे खणले, ४ मोठे पूल बांधले, स्टेशनंही उभी राहिली. मग पैसा आटला. पुढे १९३६ ते १९३९ स्पेनमध्ये यादवी युद्ध झालं. काम रखडलं ते रखडलंच. या मार्गावरून एकही गाडी कधी धावली नाही. माणसांनी वर्षानुवर्षं डोंगर फोडला आणि हाती काही लागलं नाही. अर्धवट राहिलेला कालवा किंवा पाण्याची कोरडी टाकी आपल्याही गावात असते, तसंच हे.

आज त्याच बोगद्यांतून सायकली जातात. सगळ्यात लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा आहे. बाहेर ऊन रणरणत असताना आत गारवा असतो. ओल्वेराकडून निघालं तर वाट बहुतेक उताराची आहे. म्हणून नवखे लोक तिथून सुरुवात करतात आणि परतताना सायकल टाकायची सोय असलेली टॅक्सी करतात. ती टॅक्सी चालवणं हेही गावातल्या कोणाचं तरी काम झालं.

वाटेत साफ्रामागोन नावाचा मोठा कडा लागतो. त्यावर गिधाडांची वस्ती आहे, अंदालुसियातल्या मोठ्या वस्त्यांपैकी एक. शेजारच्या जुन्या स्टेशनात आता माहिती केंद्र आहे. तिथे कॅमेऱ्यातून घरट्यातली पिल्लं पाहता येतात. आपल्याकडे जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधामुळे गिधाडं जवळजवळ संपली. जनावरांसाठी ते औषध २००६ साली बंद करावं लागलं. त्यामुळे तिथे लोक मुद्दाम तिकीट काढून गिधाडं पाहायला प्रवास करतात, हे ऐकून आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना नवल वाटेल. त्यांनी ती गावाबाहेर रोज पाहिली होती.

कोरिपेजवळ ओकच्या जातीचं एक फार मोठं जुनं झाड आहे. सरकारने त्याला संरक्षण दिलेलं आहे. गावाची जत्रा त्याच्या सावलीत भरते. आपल्या गावचा पार आणि वड आठवावा असं ते ठिकाण.

तेलाची वाट आणि समुद्राची वाट

दुसरी वाट हाएन शहरापासून पुएंते हेनिल गावापर्यंत जाते. लांबी १२८ किलोमीटर. या मार्गाने पूर्वी ऑलिव्हचं तेल जायचं, म्हणून तिचं नावच 'तेलाची हिरवी वाट'. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची रानं आणि मध्येमध्ये दऱ्यांवर जुने लोखंडी पूल. पुलावर आता लाकडी फळ्या आणि कठडे आहेत. वाटेत लुके, दोन्या मेन्सिया, काब्रा अशी गावं लागतात. कुठे जुन्या स्टेशनात खानावळ आहे, कुठे सायकली भाड्याने मिळतात. वाटेजवळच्या सुएरोस नावाच्या गावात शेळीच्या दुधाचं चीज करतात, ते घ्यायला लोक वाट वाकडी करून डोंगरावर जातात.

तिसरी वाट ईशान्येला, कातालोनिया प्रदेशात. तिथे ओलोत नावाचं गाव जुन्या, विझलेल्या ज्वालामुखींच्या टेकड्यांमध्ये वसलंय. ओलोतहून हिरोना शहरापर्यंत आणि तिथून समुद्रकाठच्या सांत फेलिऊ बंदरापर्यंत अरुंद रुळांची छोटी गाडी होती. ती १९६९ साली बंद पडली. तिच्या जागेवरून आता सुमारे ९५ किलोमीटरची वाट जाते. सुरुवातीला डोंगर, मग नदीकाठ आणि शेवटी भूमध्य समुद्र. या भागात बुचाच्या झाडांची जंगलं आहेत. त्या झाडाची साल नऊ ते बारा वर्षांनी एकदा सोलून काढतात. झाड मरत नाही, नवी साल धरतं. ओलोतच्या बाजूला ज्वालामुखीच्या मातीत एक पांढरा घेवडा पिकतो. वाणाचं नाव गावाच्या नावाने राखलेलं आहे आणि वाटेवरच्या खानावळींत तो आवर्जून वाढतात.

असं फक्त स्पेनमध्येच झालं असं नाही. इटली, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया या तीन देशांतून 'पारेंझाना' नावाची वाट जाते. तीही एका छोट्या रेल्वेची, जी १९०२ मध्ये सुरू झाली आणि १९३५ मध्ये बंद पडली. इटलीच्या पुलिया भागात तर रेल्वेही नव्हती. तिथे दूरच्या डोंगरातून पिण्याचं पाणी आणणारी मोठी जलवाहिनी आहे. तिच्या देखभालीसाठी जी पट्टी सोडली होती, तिच्यावर आता टप्प्याटप्प्याने सायकलची वाट होते आहे.

पैसा कुठे उतरतो

आता आपल्या गटांच्या कामाचा मुद्दा. या वाटांनी गावाला पैसा मिळतो तो कसा?

वाटेवरून जायला तिकीट नाही. तरीही पैसा येतो आणि त्याचं कारण सायकलचा वेग आहे. मोटारीतला पाहुणा ३६ किलोमीटर अर्ध्या-पाऊण तासात ओलांडतो. त्याला मधल्या गावात थांबायचं कारणच पडत नाही. त्याचा पैसा मोठ्या शहरातल्या हॉटेलात आणि पेट्रोल पंपावर जातो. सायकलवाला दिवसाला तीस ते पन्नास किलोमीटर जातो. त्याला दर दोन तासांनी भूक लागते. दहा वाजता नाश्ता, दोन वाजता जेवण, मध्ये पाणी आणि काहीतरी गोड. टायर पंक्चर झालं तर दुरुस्ती. संध्याकाळ झाली की अंथरूण. १२८ किलोमीटरच्या वाटेवर त्याला तीन-चार दिवस लागतात, म्हणजे दोन-तीन रात्री कुठल्या तरी छोट्या गावातच काढाव्या लागतात. तो थांबतो, कारण त्याचे पाय दमतात.

शिवाय त्याला फार भारी काही लागत नाही. अंदालुसियातला साधा नाश्ता म्हणजे भाजलेला पाव, त्यावर ऑलिव्हचं तेल आणि किसलेला टोमॅटो. आपल्या भाकरी-ठेच्यासारखाच. पाव गावचा, तेल गावचं, टोमॅटो गावचा. बाहेरून काहीच आणावं लागत नाही, त्यामुळे मिळालेला पैसा गावातच फिरतो. सायकलवाल्याला वजन नको असतं, म्हणून तो तेलाचा डबा उचलून नेत नाही. छोटी बाटली मात्र घेतो. मोठ्या पिशवीपेक्षा छोटं पाकीट का चालतं, हे पापड-मसाला करणाऱ्या आपल्या गटांना वेगळं सांगायला नको.

हंगामाचंही जमतं. तोडणी हिवाळ्यात. सायकलवाले वसंतात आणि उन्हाळ्यानंतर येतात, कारण मधल्या कडक उन्हात दक्षिणेत सायकल चालवणं अवघड. म्हणजे जेव्हा शेतात काम नसतं, तेव्हा वाटेवर काम असतं.

आणखी एक फायदा पैशात मोजता येत नाही. संध्याकाळी गावातल्या बायका याच वाटेवर फिरायला निघतात. डॉक्टर सांगतात, रक्तातली चरबी वाढली आहे, रोज चाला. म्हणून स्पेनमध्ये गावाबाहेरच्या अशा फिरायच्या वाटेला लोक गमतीने 'कोलेस्टेरॉलची वाट' म्हणतात. पाहुणा वर्षातून एकदा येतो, पण गावची बाई रोज चालते. वाट खरी तिचीच.

एका गावाचं काम नव्हे

अशी वाट एकट्या गावाला जमत नाही. ती पाच-सहा गावांच्या शिवारातून जाते. एका गावाने आपला तुकडा झाडला आणि दुसऱ्याने तिथे उकिरडा केला, तर सगळी वाट वाया जाते. साखळीची एक कडी तुटली तर साखळी राहत नाही.

म्हणून स्पेनमध्ये काय केलं? जमिनीची मालकी बहुतेक ठिकाणी रेल्वेकडेच राहिली. ती विकली नाही, करार करून स्थानिक संस्थांच्या ताब्यात वापरायला दिली. ओल्वेराच्या वाटेसाठी काठच्या गावांच्या नगरपालिका आणि काडिझ व सेव्हिल या दोन जिल्ह्यांच्या परिषदा एकत्र आल्या. त्यांनी मिळून एक संस्था काढली. वाटेची झाडलोट, दिवे, पाट्या आणि स्टेशनं भाड्याने चालवायला देणं, हे सगळं तीच पाहते. देशपातळीवर स्पॅनिश रेल्वेची एक प्रतिष्ठान संस्था सगळ्या वाटांचा एकत्र प्रसार करते, नकाशे काढते. 'व्हिया व्हेर्दे' हे नावही तिने नोंदवून ठेवलंय. त्यामुळे कोणीही उठून कसल्याही रस्त्याला ते नाव देऊ शकत नाही.

आपल्याकडे गट, मग ग्रामसंघ, मग प्रभाग संघ अशी उतरंड असते, तशीच ही. दहा बायकांचा गट कर्ज फेडू शकतो, पण बाजारात मालाचा भाव ठरवायला संघच लागतो.

जुनी स्टेशनं दुरुस्त करतानाही एक चांगली पद्धत वापरली. बऱ्याच ठिकाणी गावातल्याच बेरोजगार तरुण-तरुणींना प्रशिक्षण वर्गात घेतलं. गवंडीकाम, सुतारकाम शिकता शिकता त्यांनी स्टेशन उभं केलं. ठेकेदार बाहेरून आला असता तर इमारत झाली असती, पण हुन्नर गावात राहिला नसता.

सगळं गोड नाही

मैत्रिणींनो, एकच बाजू सांगितली तर ती जाहिरात होईल. म्हणून अडचणीही ऐका.

पहिली गोष्ट, या वाटांनी गावं श्रीमंत झाली नाहीत. मिळणारी कामं थोडी आहेत आणि बरीचशी शनिवार-रविवारची किंवा हंगामाची आहेत. स्पेनमधली पुष्कळ खेडी अजूनही रिकामी होत आहेत. वाटेने एखादी खानावळ टिकते, एक-दोन तरुण जोडपी गावात राहतात. तेवढ्यावर शाळा चालू राहील असं नाही.

दुसरी गोष्ट, वाट करायला पैसे मिळतात, पण सांभाळायला मिळत नाहीत. पावसात दरड येते, बोगद्यातले दिवे जातात, पुलाच्या फळ्या कुजतात. दरवर्षी खर्च आहे. ज्या संस्थेने त्याची तरतूद केली तिची वाट चालू राहते, बाकीच्यांवर पुन्हा झुडपं वाढतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. गाडी बंद पडणं हे गावाचं नुकसानच होतं. आजारी माणसाला तालुक्याला न्यायला सायकलची वाट उपयोगी पडत नाही. आज ओल्वेराला रेल्वेने जाताच येत नाही. तिथे सायकल चालवायला जाणाऱ्यालाही बस किंवा मोटारच करावी लागते. वाट ही रेल्वेची भरपाई नाही. विदर्भात यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे कापूस वाहण्यासाठी बांधली होती. आता ती बंद आहे आणि तिथल्या लोकांना ब्रॉडगेज गाडी हवी आहे. त्यांना कोणी सायकलची वाट घ्या म्हणून सांगितलं तर ते रागावतील आणि त्यांचा राग बरोबरच असेल. जिथे गाडी परत येऊ शकते तिथे गाडीच मागावी. जिथे ती येणारच नाही, तिथे निदान जमीन तरी सलग राखावी.

आपल्या शिवारातली सलग पट्टी

सलग जमीन हा शब्द लक्षात ठेवा, कारण तो आपल्याही कामाचा आहे. आपल्या गावात रेल्वे नसेल, पण पाणंद असते. शिवरस्ता असतो. गावाच्या नकाशात तो दाखवलेला असतो. पूर्वी बैलगाड्या त्यावरून जायच्या, वाड्या-वस्त्यांवरची मुलं त्यावरून शाळेत जायची. मग एकाने बांध सरकवला, दुसऱ्याने कुंपण घातलं, तिसऱ्याने खत टाकलं. तीन किलोमीटरच्या पाणंदीतले पन्नास मीटर गेले की सगळी पाणंद गेली. मग मुलीने जायचं कुठून? मोठ्या रस्त्याने, डंपरच्या शेजारून.

हे अतिक्रमण काढता येतं. शेतात जायची वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. पाणंद रस्ते करण्यासाठी राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही काढलेली आहे. ही मागणी आपल्याकडे बहुधा ट्रॅक्टरसाठी आणि उसाच्या गाडीसाठी होते. ती तशी व्हावीच. पण त्याच अर्जात आणखी एक ओळ लिहायला काय हरकत आहे? ही वाट शाळेच्या मुलींनाही लागते, आणि म्हणून ती शाळेच्या दारापर्यंत सलग हवी.

पुढच्या मासिक सभेत अर्धा तास काढून चार गोष्टी करून पाहा.

एक, तलाठ्याकडून गावाचा नकाशा मागून घ्या आणि त्यात पाणंद, शिवरस्ता कुठून जातो ते बोटाने शोधा. सासूबाईंना सोबत घ्या. जुनी वाट त्यांना पाठ असते.

दोन, एका सकाळी पाच-सहा जणी मिळून ती वाट चालून या. कुठे अडली आहे, कुठे चिखल होतो, ओढ्यावर पाइप टाकायला हवा का, हे वहीत लिहा.

तीन, त्या वाटेने शाळेत किती मुली सायकलवर जाऊ शकतील ते मोजा. आकडा असला की ग्रामसभेत आवाजाला वजन येतं.

चार, वाट शेजारच्या गावात शिरत असेल तर तिथल्या गटाला आधी निरोप द्या. एकट्या गावाचा अर्ज आणि दोन गावांचा अर्ज यात फरक पडतो.

कालव्याच्या कडेचा रस्ता तुमच्याकडे असेल तर तो सपाट आणि सलग दिसतो, पण तिथे पाण्याचा धोका आहे आणि तो पाटबंधारे खात्याचा असतो. मुलांना त्यावर पाठवण्याआधी खात्याशी बोला, कठड्याची मागणी करा.

वाट चालून आल्यावर तुम्हाला काय दिसलं ते आम्हाला लिहून पाठवा किंवा रेकॉर्ड करून पाठवा. कुठल्या गटाने किती मीटर मोजले आणि किती अडलेले सापडले, ते आम्ही पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.

तोपर्यंत नमस्कार.